पूलमध्ये टीप सॉफ्ट घ्यावी की हार्ड, आणि आपल्या कोकणातल्या दमट हवेत ती सांभाळायची कशी

रत्नागिरी असो, चिपळूण असो की कुडाळ, पूल पार्लरमध्ये जाऊन विचारा टीप (क्यूच्या, म्हणजे बॉल मारायच्या काठीच्या टोकाला लावतात ते चामडं) कुठली लावू, बहुतेक जण एकच सांगणार, सॉफ्ट लाव, स्पिन म्हणजे बॉलची फिरकी भरपूर मिळते. मग पोरगा सॉफ्ट टीप लावून येतो, मे महिन्यात खूश असतो, आणि जूनचा पाऊस लागला की तक्रार सुरू, स्क्रू येत नाही, म्हणजे व्हाइट (क्यूने मारायचा पांढरा बॉल) दुसऱ्या बॉलला लागून मागे येतच नाही, मिसक्यू होतोय, म्हणजे टीप बॉलवरून घसरतेय. मग कुणीतरी सांगतं हार्ड लाव. असं करत करत टिपा बदलत राहतात आणि मूळ गोष्ट तशीच राहते, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, कारण टीप ही क्यूमधली सगळ्यात स्वस्त वस्तू आहे पण बॉलला लागते ती तेवढीच.

आधी मुद्द्याचं सांगतो. टीप सॉफ्ट आहे म्हणून स्पिन जास्त मिळत नाही. स्पिन ठरतो तुम्ही व्हाइटच्या मध्यापासून किती लांब मारता त्यावर. मध्यापासून जितकं लांब तितका वेगाच्या मानाने स्पिन जास्त, आणि त्याला एक हद्द आहे, साधारण बॉलच्या त्रिज्येच्या निम्म्यापर्यंत. पूलचा बॉल 57 मिमीचा, म्हणजे त्रिज्या साडेअठ्ठावीस, म्हणजे मध्यापासून जेमतेम 14 मिमी. त्याच्या बाहेर गेलात की टीप घसरते आणि मिसक्यू होतो, मग ती टीप सॉफ्ट असो, मीडियम असो, कितीही महाग असो. टीप आणि बॉल एकमेकांना चिकटून असतात तेही फक्त एक-दोन मिलिसेकंद, त्यामुळे सॉफ्ट टीप बॉलला "धरून ठेवते" आणि म्हणून जास्त फिरवते हे जे सांगतात त्यात फारसा दम नाही. ती किंचित जास्त वेळ चिकटते हे खरं, पण त्याने स्पिन वाढत नाही.

मग सॉफ्टवाल्यांना फरक जाणवतो तो खोटा का, तर नाही. सॉफ्ट टीप चॉक (घसरू नये म्हणून टिपला लावतात ती पूड) चांगला धरते, त्यामुळे माणूस बिनधास्त खाली किंवा साइडला जाऊन मारतो. आणि नवीन टीप लावली की ती गोल असते, खरखरीत असते, चॉकही नीट बसतो. ज्याने सपाट, चकचकीत झालेली जुनी टीप काढून नवी सॉफ्ट लावली त्याला वाटतं सॉफ्टची कमाल, पण त्याने नवी हार्ड टीप नीट गोल करून लावली असती तरी बराचसा तोच फरक पडला असता.

आता हार्डनेसने खरंच काय बदलतं ते बघू. पहिलं म्हणजे वेग. सॉफ्ट टीप दाबली जाते आणि त्यात थोडी ताकद जिरते, हार्ड कमी दाबली जाते म्हणून ताकद जास्त पोचते. चामड्याची टीप आणि फिनॉलिक टीप (ब्रेकच्या, म्हणजे डावाच्या पहिल्या बॉल फोडायच्या शॉटच्या क्यूला लावतात ती, प्लास्टिकसारखी एकदम कडक) यांची तुलना करा. 540 ग्रॅमची क्यू आणि 170 ग्रॅमचा बॉल धरून हिशोब केला तर त्याच हाताने मारलेल्या शॉटला फिनॉलिकने व्हाइट साधारण सात-आठ टक्के जास्त वेगाने जातो. म्हणजे दोन टोकांमधलाच फरक एवढा. चामड्याच्याच सॉफ्ट आणि हार्डमध्ये तो त्याहून बराच कमी असणार. पण हाताला सवय लागलेली असते, म्हणून टीप बदलल्यावर सुरुवातीला पोझिशन चुकते, व्हाइट जिथे थांबायला हवा तिथून वीतभर पुढे जातो. ही टिपची चूक नाही, हात जुळवून घ्यायला थोडा वेळ लागतो, तेवढा द्या.

दुसरं म्हणजे फील आणि आवाज. हार्ड टीप टक् असा स्वच्छ आवाज देते, सॉफ्ट जरा दबलेला. ज्यांना अगदी हळू शॉट, सेफ्टी (समोरच्याला सोपा शॉट न ठेवणं), बॉल कुशनला म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला चिकटवणं आवडतं त्यांना बहुतेक वेळा सॉफ्ट किंवा मीडियम बरी वाटते, आणि ज्यांचा स्ट्रोक छोटा आणि नेमका आहे त्यांना हार्ड. इथे कुणाचं ऐकू नका, स्वतःच्या हाताचं ऐका.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे देखभाल. सॉफ्ट टीप लवकर दबते, कडेने फुगून बाहेर येते, ज्याला आपण मशरूम झाली म्हणतो, आणि मारून मारून हळूहळू कडकही होते. म्हणजे आज लावलेली सॉफ्ट काही महिन्यांनी मीडियमसारखी खेळते. पातळ झाली की अजून कडक वाटते, कारण दबायला खाली चामडंच उरत नाही. हार्ड टीप आकार खूप दिवस टिकवते पण तिच्या तोंडावर चकाकी येते, त्या चकाकीवर चॉक बसत नाही आणि मग ऐन कमी अंतराच्या स्क्रूला फसवते. मीडियम मधली, आणि आपल्याकडच्या बहुतेक खेळाडूंना मी मीडियमच सांगेन.

साइड मारताना, म्हणजे व्हाइटला मध्याच्या डावीकडे-उजवीकडे मारताना, तो जो थोडा उलट्या बाजूला सरकतो, त्याचं खापरही टिपवर फोडतात. तो फरक मुख्यतः शाफ्टच्या (क्यूच्या पुढच्या दांड्याच्या) टोकाच्या वजनावर असतो. आपल्याकडे बरेच जण पितळी फेरूलची (टिपेखालच्या कड्याची) स्नूकरची क्यू घेऊनच पूल खेळतात, त्या पितळेने टोकाचं वजन वाढतं, आणि टीप बदलून तो प्रश्न सुटणार नाही.

आता गोलाई. हार्डनेसवर पैसे घालणाऱ्यांनी हा भाग नीट वाचा, कारण स्पिनचं गणित इथे आहे. पूलच्या क्यूची टीप साधारण 13 मिमी रुंद असते आणि तिचं तोंड एक रुपयाच्या नाण्याच्या कडेएवढं गोल असावं. नाणं टिपच्या मागे धरून बाजूने बघा, दोघांची गोलाई जुळायला हवी. अशा टिपने तुम्ही क्यू मध्यापासून 10 मिमी खाली नेलीत तर बॉलवर टीप प्रत्यक्षात लागते मध्यापासून 7 मिमीपेक्षा किंचितच जास्त अंतरावर, कारण टीपही गोल आणि बॉलही गोल. आणि 14 मिमीच्या हद्दीवर मारायचं तर क्यू जवळपास 19 मिमी न्यावी लागते, आणि तेव्हा टिपचा जो भाग बॉलला लागतो तो टिपच्या मध्यापासून 5 मिमीपेक्षा लांब असतो, म्हणजे जवळजवळ कडेला. आता सांगा, चॉक लावताना तुम्ही कुठे लावता? बहुतेक जण चॉकचा ठोकळा टिपवर ठेवून गरागरा फिरवतात, मध्ये खड्डा पडतो आणि कड कोरडी राहते. सगळ्यात जास्त स्पिनचा शॉट ज्या जागेने मारायचा त्याच जागेवर चॉक नाही. चॉक हलक्या हाताने, ब्रशने रंग लावल्यासारखा लावा, क्यू फिरवत फिरवत, कडेपर्यंत, आणि उजेडात बघा कुठे चामडं उघडं दिसतंय का. एवढं केलंत तरी निम्मे मिसक्यू थांबतील असं मला मनापासून वाटतं.

क्यूच्या टोकाला चामडं लावायची पद्धत आली ती फ्रेंच कॅप्टन मिंगोमुळे, तो तुरुंगात असताना 1807 च्या सुमारास त्याने हे जमवलं असं मानतात. त्याआधी टोक लाकडाचंच असायचं, त्यामुळे मध्यापासून लांब मारणं जवळजवळ अशक्य. आणि आज आपण चॉक म्हणतो तो शाळेच्या खडूसारखा नसतो, 1897 मध्ये अमेरिकेत स्पिंक्स आणि हॉस्किन्सने पेटंट घेतलं तेव्हापासून त्यात सिलिका आणि घासणारी पूड असते. म्हणून फळ्याचा खडू लावून काम भागवू नका, तो पकड देत नाही.

कुठली टीप घ्यायची याबद्दल थोडं. दोन प्रकार असतात, एक अखंड चामड्याची दाबून केलेली, उदाहरणार्थ एल्क मास्टर, सॉफ्ट आणि स्वस्त, आणि दुसरी थरांची, पातळ चामड्याचे थर चिकटवून केलेली, कामुई, मूरी वगैरे, त्या महाग. अखंड टिपांमध्ये एकाच डब्यातल्या दोन टिपा सारख्या लागतीलच असं नाही, थरांच्या टिपा जास्त एकसारख्या असतात, पैसे त्याचे. पण एक लक्षात ठेवा, एका कंपनीचं मीडियम दुसऱ्या कंपनीच्या हार्डएवढं असू शकतं, सगळ्यांची मिळून एक मोजपट्टी नाही. त्यामुळे मित्राने मीडियम सांगितली आणि तुम्ही दुसऱ्याच कंपनीची मीडियम मागवली तर तीच टीप मिळाली असं समजू नका. एक कंपनी पकडा आणि तिच्यातच वर-खाली करा. नवशिक्या असाल तर महागाची घेऊ नका, स्वस्तातली घ्या, स्वतः बसवायला शिका, एक-दोन खराब झाल्या तरी चालतील.

आता आपल्याकडची हवा. हे पुण्या-मुंबईच्या एसी क्लबात खेळणाऱ्यांना सांगून पटत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिमीच्या वर पाऊस, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर, आणि किनाऱ्यावर बाकीचे महिनेही हवा दमटच. चामड्याची चप्पल पावसात कशी फुगते, मऊ पडते, बुरशी धरते, टीपही चामडंच आहे, तिचंही तेच होतं. म्हणजे मे महिन्यात लावलेली सॉफ्ट टीप जुलैत अजून सॉफ्ट होते, भराभर मशरूम होते, आणि तुम्ही तीच क्यू घेऊन वेगळ्याच टिपने खेळत असता. त्यात लाईट गेली की एसी बंद, खिडक्या उघडल्या, अर्ध्या तासात शाफ्ट हाताला चिकटायला लागतो. म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्याने एक पायरी कडक टीप घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. सॉफ्ट आवडत असेल तर मीडियम घ्या, मीडियम आवडत असेल तर थोडी हार्डकडची मीडियम, पावसात ती आपोआप तुमच्या आवडीजवळ येते.

पण सगळा दोष टिपचा नाही. दमट कापडावर घर्षण वाढतं, त्यामुळे बॅकस्पिन लवकर मरतो. व्हाइट मागे फिरत निघतो पण लांबच्या बॉलपर्यंत पोचेपर्यंत तो फिरणं संपून सरळ लोळायला लागतो. टीप खराब आहे की कापड दमट आहे हे ओळखायची सोपी पद्धत आहे. समोरचा बॉल सरळ पॉकेटच्या लाइनीत ठेवा, व्हाइट त्याच्यापासून एक फुटावर, आणि स्क्रू मारा. मग तोच शॉट तीन फुटांवरून, मग पाच फुटांवरून, स्ट्रोक तोच ठेवून. जवळून व्हाइट छान मागे येतोय आणि लांबून जागेवर थांबतोय किंवा पुढे जातोय, तर टीप ठीक आहे, कापड ओढतंय. अशा टेबलावर लांबच्या स्क्रूचा नाद सोडा, स्टन (आदळताना व्हाइट न फिरता नुसता सरकत असेल असा शॉट) मारा, किंवा पोझिशन अशी घ्या की लांबून मागे यायलाच लागू नये. पण जवळूनच मिसक्यू होतोय, किंवा कधी मागे येतोय कधी नाही, तर टीप बघा, चॉक बघा. आमच्याकडे एका पार्लरवाल्या काकांचं हे ठरलेलं आहे, कुणी तक्रार घेऊन आला की आधी क्यू हातात घेतात, टिपवर अंगठा फिरवतात आणि म्हणतात, "तुझी टीप दगड झाली हा, आदी ती घास, मगे खेळ."

घासायचं म्हणजे काय तेही सांगतो, कारण इथे बरेच जण टीपच संपवतात. चकाकी काढायची असेल तर सँडपेपर टिपवर रगडू नका, टीप सँडपेपरवर हलकेच ठोका, चामड्याचे तंतू उभे राहतात आणि चॉक बसतो. रगडणं फक्त गोलाई परत आणायला, तेही थोडं थोडं, नाणं मागे धरून बघत. मशरूम झालेली कड धारदार ब्लेडने कापा, त्यासाठी क्यू उलटी धरून टीप लाकडी पाटावर टेकवा आणि ब्लेड वरून खाली फेरूलच्या लाइनीत आणा, फेरूलला आधी चिकटपट्टी गुंडाळा म्हणजे ओरखडे पडणार नाहीत. मग कडेला ओल्या बोटाने किंचित पाणी लावून जाड कागदाने जोरात घासा, कड घट्ट आणि चकचकीत होते. कडेची चकाकी चांगली, तोंडाची वाईट. टीप दीड-दोन मिमीवर आली की बदला, काटकसर करून वापरत बसलात तर फेरूल फुटेल आणि तो खर्च टिपच्या कितीतरी पट आहे.

बसवताना जुनी टीप ब्लेडने कापून काढा, फेरूलवरचा जुना ग्लू पूर्ण साफ करा, तोंड सपाट आहे ना ते काचेवर सँडपेपर ठेवून बघा. नव्या टिपची खालची बाजूही थोडी खरखरीत करा. ग्लूसाठी बहुतेक जण फेव्हिक्विक वापरतात आणि ते चालतं, पण एक गोष्ट ध्यानात घ्या, हा ग्लू हवेतल्या ओलाव्यानेच सेट होतो. म्हणजे आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये तो इतक्या पटकन धरतो की टीप मधोमध सरकवायला वेळच मिळत नाही. त्यामुळे आधी कोरडी टीप ठेवून जागा बघून घ्या, आणि जेल प्रकारचा मिळाला तर तोच घ्या. एक थेंब पुरे. मग क्यू उभी करून टीप खाली सपाट फरशीवर दाबून धरा, आणि रात्रभर तशीच बाजूला ठेवा, लगेच ब्रेक मारायला जाऊ नका. लाकडाचं लेथकाम करणारा ओळखीचा कारागीर असेल, आणि सावंतवाडीकडे असे बरेच आहेत, तर कडा त्याच्याकडून साफ करून घेता येतील, फक्त फेरूलला धार लागू द्यायची नाही हे आधीच सांगा.

क्यू केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका, बुटांच्या खोक्यात येतात त्याच, आणि मधून मधून बदला. चॉकही बंद डबीत ठेवा, दमट चॉक टिपवर पसरतो पण धरत नाही. क्यू भिंतीला तिरकी टेकवून ठेवू नका, दमट हवेत शाफ्ट वाकतो, आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत तर अजिबात नको. खेळून झालं की शाफ्ट कोरड्या कापडाने पुसायचा, पाण्याने नाही.

ब्रेकचं वेगळं. ब्रेकला तुम्हाला स्पिन नकोय, वेग हवाय आणि व्हाइट मध्ये लागायला हवा, म्हणून तिथे हार्ड किंवा फिनॉलिक टीप योग्य. जंप शॉटलाही (व्हाइट उडवून दुसऱ्या बॉलवरून न्यायचा शॉट) तेच, हलकी छोटी क्यू आणि कडक टीप. पण फिनॉलिकने रोजचा खेळ खेळू नका, चॉक धरत नाही आणि साइड मारली की घसरते. उलट रोजच्या क्यूवर मीडियम टीप असेल आणि तुम्ही तिनेच जोरजोरात ब्रेक मारत असाल तर ती लवकर दबणार आणि मशरूम होणार. ग्रुपमध्ये चार-पाच जण असाल तर पार्लरमधली एखादी जड, कडक टिपची स्टिक सगळ्यांनी ब्रेकला वापरायची असं ठरवा, सगळ्यांच्या टिपा वाचतात.

स्वतःची क्यू नसेल तरी यातलं बरंच करता येतं. स्टँडमधली स्टिक उचलताना लोक टेबलावर लोळवून सरळ आहे का बघतात, ते बघाच, पण त्याआधी टीप बघा. घट्ट बसलीय का, तोंड गोल आहे की सपाट, कडेने फुगलीय का. टिपच्या कडेला नख दाबून बघा, खूण उमटली तर सॉफ्ट, नाही उमटली तर हार्ड. पार्लरच्या बऱ्याच स्टिकना पेचाने फिरवून बसवायच्या टिपा असतात, त्या सैल असल्या की शॉट मारताना बारीक खडखड आवाज येतो, तशी स्टिक लगेच परत ठेवा. सरळ शाफ्ट पण सपाट टीप, आणि किंचित वाकडा शाफ्ट पण चांगली गोल टीप, अशा दोनच उरल्या असतील तर मी दुसरी उचलेन, आणि पॉटिंगच्या, म्हणजे बॉल पॉकेटात घालायच्या आधी व्हाइट एकटाच समोरच्या कुशनवर दोन-तीनदा मारून परत कुठपर्यंत येतो ते बघेन, म्हणजे त्या टिपचा वेग हाताला कळतो. एकदा अशी बरी स्टिक सापडली की प्रत्येक वेळी तीच घ्या, आणि काकांची परवानगी काढून तिची टीप अधूनमधून तुम्हीच ठोकून गोल करत जा, ते नाही म्हणणार नाहीत.